पैठणीच्या चिठ्ठीवर माग लिहा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंत्रमानव कलावंताची जागा घेणार का, यावर आपल्या पानांवर सध्या पत्रं येत आहेत. बहुतेकांनी चित्रं काढणाऱ्या संगणकाबद्दल लिहिलं आहे. आम्ही मागाच्या धंद्यातले. आमच्याकडे हा पाहुणा दोनशे वर्षांपूर्वी आला आणि अजून उठायचं नाव घेत नाही. त्याचा मुक्काम पाहायचा तर कुठल्याही साडीच्या दुकानात जावं आणि 'पैठणी दाखवा' म्हणावं. एक साडी चार हजारांना, दुसरी अठरा हजारांना आणि तिसरी लाखाच्या घरात. तिन्हींच्या पदरावर मोर आणि तिन्हींचं नाव पैठणी. फरक काय, असं विचारलं तर 'क्वालिटीचा' एवढंच उत्तर मिळतं. खरा फरक मागाचा आणि विणीचा असतो, आणि तो चिठ्ठीवर कुठेही लिहिलेला नसतो. या पत्राचं कारण तेवढंच आहे.

हाताने विणलेल्या पदरापासून सुरुवात करू. इथे ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा असतो. जमिनीचा, म्हणजे नक्षीखालच्या कापडाचा, बाणा (आडवे धागे) जरीचा आणि नक्षी रंगीत रेशमाची. धोटा, म्हणजे बाण्याचा धागा वाहून नेणारी नळी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फेकला, असं पदरात होत नाही. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तिल्ली असते. तिल्ली म्हणजे रंगीत रेशीम किंवा जरी गुंडाळलेली बारीक काडी. मोराच्या मानेचा निळा एका तिल्लीवर, पंखाचा हिरवा दुसरीवर, दोन मोरांमधली जरीची जागा तिसरीवर, अशा चाळीस-पन्नास तिल्ल्या पदराच्या कडेवर ओळीने लोंबत असतात. विणकर पायाखालची पावडी दाबून ताण्यात वाट उघडतो, पहिली तिल्ली उचलतो, मोजून सात धाग्यांखालून काढतो आणि सोडतो. दुसरी उचलतो. शेजारचे दोन रंग जिथे भेटतात तिथे एकाचा धागा दुसऱ्यात अडकवून घेतो. ओळ पुरी झाली की फणी ठोकतो, वाट बदलतो, आणि सगळ्या तिल्ल्या उलट दिशेने परत. कुठलाही रंगीत धागा आपली जागा सोडून पुढे पळत नाही. म्हणून पदर उलटा केला तरी तोच मोर तसाच दिसतो. लोंबणारा धागा नाही, कापलेली टोकं नाहीत.

यात बिघडतं काय? अडकवायचं राहिलं, तर दोन रंगांच्या मध्ये उभी चीर राहते आणि पुढे ताण पडला की ती वाढते. तिल्ल्या जास्त ओढल्या, तर पदराचा पन्हा, म्हणजे रुंदी, आत येतो. साडी नेसल्यावर पदराचा काठ चुण्या पडल्यासारखा दिसतो तो यामुळे. फार ढिल्या सोडल्या, तर मागे बारीक फासे उठतात आणि ते बांगडीत अडकतात. मोजण्यात एक धागा चुकला, तर मोराची चोच एका पायरीने सरकते. बहुतेक वेळा हे चार-पाच ओळी पुढे गेल्यावर ध्यानात येतं. मग उसवायचं. रेशीम उसवलेलं चालतं, जरी रुसते. गाभ्याच्या धाग्यावर धातूची चपटी पट्टी पिळलेली असते. ती दोनदा उलटसुलट मोडली की सुटायला लागते आणि चमक जाते.

वेळेचा हिशेब आकड्यांत मांडू. नमुन्यासाठी २८ इंच लांब पदर धरा, इंचाला ६० ओळी. म्हणजे १,६८० ओळी. एका ओळीत ४० तिल्ल्या आणि एका तिल्लीला ८ सेकंद, तर एक ओळ ३२० सेकंदांची. गुणाकार केला तर जवळपास १४९ तास होतात. रोज सात तास डोळे आणि पाठ टिकली, असं धरलं तर २१ दिवस. हे नुसत्या पदराचे. अंग, काठ, ताणा लावणं, रंगवणं वेगळं. तिल्ल्या ऐंशी झाल्या की दिवसही दुप्पट होतात.

आता यंत्रमाग. त्याच साडीचं २२० इंच अंग आणि २८ इंच पदर घ्या. साध्या यंत्रमागावर मिनिटाला १२० फेकी धरल्या, तर अंगाच्या १३,२०० ओळींना ११० मिनिटं लागतात. पदरात एक गोम आहे. जमिनीच्या धाग्याखेरीज प्रत्येक जादा रंगासाठी त्याच ओळीत वेगळा धोटा फेकावा लागतो, आणि त्या फेकीने कापड पुढे सरकत नाही. तीन जादा रंग असतील तर एका ओळीला चार फेकी. म्हणजे १,६८० ओळींना ६,७२० फेकी, ५६ मिनिटं. एकूण पावणेतीन तास. धागा तुटणं, कांडी बदलणं, वीज जाणं धरलं तरी दिवस बुडायच्या आत साडी मागावरून उतरते.

पण 'यंत्र हातापेक्षा वेगवान' एवढ्यावर हा हिशेब मिटत नाही. हाताच्या पदरात एका ओळीत पाच रंग असोत की पंधरा, ओळ एकच. तिल्ल्यांची संख्या तेवढीच राहिली, तर जादा रंगाला जादा वेळ जवळजवळ लागत नाही. यंत्रमागावर प्रत्येक रंग मोजून मापून घ्यावा लागतो, कारण तो वेग खातो. त्यामुळे यंत्रमागाने हाताच्या मोराची नक्कल केलीच नाही. त्याला परवडेल असा वेगळाच मोर त्याने काढला. यंत्रमानव हाताची कला शिकून घेईल, ही भीती आम्हाला जरा भाबडी वाटते. मोटारीच्या पत्र्यावर ठरलेल्या जागी वेल्डिंगचा डाग देणारा रोबो रोज तेच काम बिनचूक करतो, कारण पत्रा ताठ असतो आणि जागेवर राहतो. मऊ, सरकणाऱ्या रेशमात सात धागे मोजून काडी घालणारा रोबो आमच्या पाहण्यात नाही. त्याची गरजही कुणाला पडलेली नाही. हात लागणारच नाही अशी नक्षी चालू करणं स्वस्त पडतं.

ही नक्षी कशी बदलली ते जॅकार्ड उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मागाच्या डोक्यावर ही पेटी बसते. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात: उभी रांग म्हणजे ताण्याचा धागा, आडवी रांग म्हणजे बाण्याची ओळ. भरलेल्या चौकटीला पत्त्यावर भोक. एका ओळीला एक पत्ता, आणि सगळे पत्ते दोरीने एकमेकांना शिवून माळ करतात. ओळीगणिक एक पत्ता सुयांच्या समोर येऊन दाबला जातो. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हुक जागेवर राहतो आणि वर जाणाऱ्या पात्यात अडकून आपले धागे उचलतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हुक पात्यावरून सरकतो आणि धागे खाली राहतात. भोक किंवा भोक नाही, एवढीच दोन अक्षरांची भाषा.

गंमत पुढे आहे. समजा साडीच्या अंगात ४,८०० ताणे आहेत आणि जॅकार्ड २४० हुकांचं. मग एकेका हुकाला २० दोऱ्या बांधाव्या लागतात. हुक उचलला की वीस ठिकाणचे वीस धागे एकदम उठतात. ४८ इंच पन्ह्यात दर २.४ इंचाला तेच फूल, इच्छा असो वा नसो. एकसारखेपणाला आपण कारखान्याचा स्वभाव म्हणतो. इथे तो दोरीने बांधलेला दिसतो. बांधणी आरशासारखी केली, म्हणजे डावीकडचा धागा आणि उजवीकडचा त्याचा जोडीदार एकाच हुकावर घेतला, तर तेवढ्याच हुकांत दुप्पट रुंदीची नक्षी निघते. समोरासमोर बसलेले मोर हाताच्या पैठणीतही जुने आहेत, पण जॅकार्डाला ते इतके का आवडतात त्याचं उत्तर या बांधणीत आहे.

नक्षी बदलण्याचं दुसरं कारण पदराच्या मागच्या बाजूला दिसतं. जॅकार्डाच्या नक्षीत रंगीत धागा एका फुलातून निघून पुढच्या फुलापर्यंत उलट बाजूने मोकळा धावतो. हा मोकळा धागा लांब झाला की बांगडी, अंगठी, जोडवं, काहीही त्यात अडकतं. म्हणून माग सोडल्यावर तो कापून टाकतात. कापलेलं टोक नुसत्या घर्षणावर तग धरतं; रेशीम गुळगुळीत, चार वेळा नेसल्यावर टोक निसटतं आणि पाकळीची कड विरते. यावर उपाय दोन. एक तर मधेमधे धागा बांधून घ्यायचा. नाहीतर फुलं इतकी जवळ आणायची की मोकळा धागा उरूच नये. दुसरा उपाय सोपा. यंत्रमागाच्या पदरावर इंचभर जमीन मोकळी दिसत नाही, सगळं खचाखच, त्यामागे नक्षीकाराची हौस थोडी आणि हे कारण मोठं. गिऱ्हाइकाला वाटतं 'काम भरपूर आहे'. आणि मग तीच नजर हाताच्या पदराकडे वळते तेव्हा त्याची मोकळी जरीची जमीन कंजूष वाटते, मोराच्या मानेच्या पायऱ्या 'फिनिशिंग नाही' म्हणून खटकतात. त्या पायऱ्या धागे मोजून काढलेल्या वळणाची खूण आहेत. येवल्यातले विणकर आता त्या पायऱ्या लपवण्यासाठी जादा कष्ट घेतात. मालाचे गठ्ठे स्वस्त झाले की माणसाची नजर घडते, ती अशी.

जॅकार्डाची दुखणीही त्याच्या स्वभावाची आहेत. पावसाळ्यात जाड कागदाचे पत्ते ओल धरतात, फुगतात. भोक आणि सुई यांचा मेळ चुकला की नको तो हुक राहतो किंवा हवा तो जात नाही. माळ ढिली झाली तर पत्ता तिरपा बसतो. दोरी झिजून तुटली तर त्या धाग्याची उभी रेघ साडीभर उतरते. आणि पत्ता कापणाऱ्याच्या हातून एक भोक चुकलं, तर ती चूक प्रत्येक फुलात, प्रत्येक साडीत, पत्ता बदलेपर्यंत. हाताची चूक एका मोरापुरती असते.

१९८३ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं आणि पत्ते गेले. आता नक्षीची फाइल असते आणि हुक विद्युतचुंबक धरतो. पाच हजारांहून जास्त हुकांची यंत्रं मिळतात. म्हणजे प्रत्येक ताण्याला स्वतंत्र हुक देता येतो आणि तीच बुट्टी पन्ह्यावर वीसदा काढण्याची सक्ती उरलेली नाही. तरी नव्या साड्यांवर बुट्ट्या त्याच, तेवढ्याच अंतरावर. अडचण गेली, वळण राहिलं.

यंत्रमानवांच्या चर्चेत एक नाव यायला हवं होतं, ते आलं नाही म्हणून लिहितो. जाक द व्होकांसाँ या फ्रेंच कारागिराने १७३८-३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये बासरी वाजवणारा यांत्रिक पुतळा आणि दाणे टिपणारं यांत्रिक बदक लोकांना दाखवलं. राजाच्या दरबाराने या माणसाला १७४१ मध्ये रेशमी कापडाच्या कारखान्यांचा निरीक्षक नेमलं, आणि १७४५ मध्ये त्याने नक्षीचा आपोआप चालणारा माग केला. तो चालला नाही, अडगळीत पडला. त्याच्या आणि आणखी दोघा-तिघांच्या कामावर जोसेफ मारी जाकारने १८०४ साली आपलं यंत्र, म्हणजे हेच जॅकार्ड, उभं केलं. पुतळ्याला बासरी वाजवायला लावणारी बुद्धीच पुढे मागावर आली. १८३९ मध्ये जाकारचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. त्याची एक प्रत इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने बाळगली होती आणि आपल्या गणनयंत्राला त्याने पत्त्यांचीच कल्पना घेतली. तेव्हा ज्या संगणकाला आज कलावंत घाबरत आहेत, त्याचं एक मूळ साडीच्या बुट्टीत आहे.

आणखी एक गोष्ट. १८३१ मध्ये ल्यों शहरातले रेशमी विणकर रस्त्यावर उतरले, ते जॅकार्ड फोडायला उतरले असं सर्रास लिहिलं जातं. त्यांच्यापैकी अनेक जण जॅकार्डावरच विणत होते. भांडण होतं कापडाच्या दराचं: ठरलेला किमान दर व्यापारी देत नव्हते. आमचंही भांडण यंत्राशी नाही.

हातमागावर बसवलेलं जॅकार्ड हीसुद्धा लबाडी नाही. येवल्यात काठासाठी आणि बुट्टीसाठी ते सर्रास आहे; धोटा हाताने जातो, फणी हाताने ठोकली जाते, कापड हातमागाचंच. जॅकार्ड दिवसभर पायाने उचलून विणकरांचे गुडघे जातात. ती उचलण्यापुरती लहान मोटर लावली तर कला बुडाली, असं आम्ही मानत नाही; बाणा कोण घालतो हे महत्त्वाचं. चार हजारांची यंत्रमागाची साडीही सरळ माल आहे. पहिल्या पगारातून आईला साडी घेणाऱ्या मुलीने लाखाची पैठणी घ्यावी कुठून? तिला ती यंत्रमागाची म्हणून विकावी, एवढंच. 'सेमी पैठणी' या शब्दातून तिला काहीही कळत नाही. अर्धी कशाची? रेशमाची, हाताची, की खरेपणाची?

चिठ्ठ्यांचा घोळ इथेच आहे. सिल्क मार्क २००४ पासून आहे. तो सांगतो की धागा शुद्ध रेशमाचा. माग कोणता, याच्याशी त्याचा संबंध नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीला तो कायदेशीरपणे लागतो, आणि गिऱ्हाईक होलोग्राम पाहून 'सरकारी शिक्का आहे, हाताचीच असणार' असं समजतं. हातमागाची खूण वेगळी, हँडलूम मार्क, २००६ पासूनची. पण तीही हातमागावरचं जॅकार्ड आणि तिल्लीचा पदर यांत भेद करत नाही, दोन्ही हातमागच. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि १९९९ च्या त्या कायद्यात खोट्या वापराला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड लिहिलेला आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने फक्त हातमागासाठी राखलेल्या अकरा वस्तूंच्या यादीत ठरावीक प्रकारची साडी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९९३ मध्ये उचलून धरला. कायदे कमी नाहीत. दुकानात साडी उलटून पाहणारा माणूस कमी आहे.

तोवर गिऱ्हाइकाने स्वतः पाहावं. पदर उलटा करा. मागे तीच नक्षी स्वच्छ असेल तर तिल्लीचं काम. मोकळे किंवा कापलेले धागे असतील तर जॅकार्ड. मग माग हाताचा की यंत्राचा हे काठाच्या कडेला पाहा. हातमागावर कापड ताणून धरायला टोकदार काडी लावतात आणि ती थोड्या थोड्या अंतराने पुढे सरकवतात, म्हणून टोचल्याच्या खुणा अंतराने दिसतात. यंत्रमागावर काटेरी कडी सतत फिरते. खुणांची रांग अखंड असते. मग पदरावर एकाच आडव्या ओळीत किती रंग आहेत ते मोजा. आठाच्या पुढे गेले आणि मागे मोकळा धागा नाही, तर शंका घ्यायचं कारण उरत नाही. रेशमाची परीक्षा पदराच्या टोकाच्या सुटलेल्या एका धाग्यावर करावी: रेशीम जळताना केसांसारखा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. दुकानदार नको म्हणाला तर तेही एक उत्तरच.

आमची मागणी राज्याच्या वस्त्रोद्योग विभागाकडे आणि पैठणीचं मानांकन सांभाळणाऱ्या संस्थांकडे आहे. पैठणी या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक साडीला मराठीत चार ओळींची चिठ्ठी शिवलेली असावी. माग: हातमाग की यंत्रमाग. पदर: तिल्लीचा की जॅकार्डचा. धागा: रेशीम, मिश्र की पॉलिस्टर. जरी: चांदीची, तांब्याची की प्लास्टिकची. किंमत, मोर, मुनिया, परंपरा, सातवाहन यांपैकी काहीही त्यावर नसलं तरी चालेल. आणि तिल्लीच्या पदराची मजुरी नगावर न ठरता ओळी आणि तिल्ल्या मोजून ठरावी. वरचा गुणाकार कुणालाही करता येतो. चाळीस तिल्ल्यांच्या आणि ऐंशी तिल्ल्यांच्या पदराला जवळपास एकच मजुरी मिळत असेल, तर विणकराचा मुलगा जॅकार्डाकडे वळणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

तुळशीची लग्नं लागली की बस्ते बांधायला सुरुवात होते. चिठ्ठ्या त्याआधी छापून व्हाव्यात.

आपले,
हातमाग आणि यंत्रमाग दोन्हींवर काम करणारे काही वस्त्रतंत्रज्ञ,
येवला